मुंबईत घरी वेल्डिंग शिकताय? रॉड पेटवण्याआधीचं आणि नंतरचं

आमच्या भांडुपच्या बैठ्या चाळीत मागच्या अंगणातल्या दाराची बिजागरी तुटली, तेव्हा मी तीन फॅब्रिकेशनवाल्यांकडे गेले. तिघांचं उत्तर एकच होतं: एवढ्याशा कामासाठी मशीन घेऊन येणं परवडत नाही. त्यांचंही बरोबरच होतं. शेवटी चौथ्या दुकानातले काका म्हणाले, "ताई, मी येणार नाही, पण रविवारी दुपारी इथे या, शिकवतो." तिथून सुरुवात झाली. आज घरातली शिडी, कुंड्यांचे स्टँड, मोरीच्या खिडकीची जाळी अशी सगळी बारीकसारीक कामं मी स्वतः करते.

शिकताना मला ज्या गोष्टी कोणी एका जागी सांगितल्या नाहीत, त्या इथे क्रमाने लिहिते आहे. क्रम मोडू नका. बहुतेक जण आधी मशीन विकत घेतात आणि मग ते लावायचं कुठे याचा विचार करतात. मुंबईत हे उलटं करावं लागतं.

१. आधी जागा ठरवा

फ्लॅटच्या आत, गॅलरीत, इमारतीच्या पॅसेजमध्ये किंवा जिन्याखाली वेल्डिंग करायचं नाही. बंद गॅलरीत धूर कोंडतो, उघड्या गॅलरीतून ठिणग्या खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात. वेल्डिंगची ठिणगी सहज दहा मीटरपर्यंत उडते आणि फटीत शिरली की दिसत नाही.

चालेल अशी जागा म्हणजे तळमजल्यावरचं अंगण, सिमेंटचा ओटा, किंवा सोसायटीने लेखी परवानगी दिली असेल तर गच्ची. गच्चीवर टाकीजवळची प्लॅस्टिकची पाइपलाइन, डिश अँटेनाच्या वायरी आणि डांबरी वॉटरप्रूफिंग बघून घ्या. डांबर पेटतं. जागा पक्की झाली की तिथून रद्दी, पुठ्ठे, थिनर, पेंटचे डबे, पायपुसणी, सगळं हलवा. स्वयंपाकघराचं दार आणि गॅसचा सिलिंडर जवळ नको.

जागाच नसेल तरी शिकायचं सोडू नका. कुर्ला, साकीनाका, भांडुप या पट्ट्यात छोटे गाळे भरपूर आहेत. कामाचा भर ओसरल्यावर एखाद्या गाळ्यात तासाचे पैसे देऊन बसता येतं का, हे विचारायला संकोच करू नका. मी पहिले दोन महिने असंच शिकले. ज्यांना पोटापाण्यासाठी शिकायचंय, त्यांनी सरळ आयटीआयचा रस्ता धरावा. वेल्डर हा तिथला एक वर्षाचा ट्रेड आहे.

आवाजाचंही बघा. वेल्डिंगपेक्षा लोखंड कापायच्या-घासायच्या ग्राइंडरचा आवाज मोठा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ हा शांततेचा काळ आहे आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. ग्राइंडर ती सहज ओलांडतो. म्हणून कापाकापी एकदाच, दुपारी, शेजाऱ्यांना सांगून उरकून घ्या. शेजारी पेसमेकर बसवलेलं कोणी असेल तर त्यांना चालू मशीनपासून लांब राहायला आवर्जून सांगा.

२. वीज: इथे हिशेब करा, अंदाज नको

घरच्या कामाला २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर चालणारं इन्व्हर्टर मशीन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारं छोटं वेल्डिंग मशीन, पुरतं. पण ते कुठल्या सॉकेटला लावायचं, यात माणसं चुकतात.

२.५ मिमीचा रॉड (वितळून जोडात भरणारी धातूची काडी) ८० अँपियरवर चालवला की आर्कचा, म्हणजे रॉड आणि लोखंडामधल्या विजेच्या झोताचा, दाब साधारण २३ व्होल्ट असतो. म्हणजे रॉडच्या टोकाशी सुमारे १,८५० वॉट. मशीनमधला क्षय आणि साध्या इन्व्हर्टरचा कमी पॉवर फॅक्टर (त्यामुळे तेवढ्याच कामाला जास्त करंट लागतो) धरला, तर भिंतीतून १३-१४ अँपियर ओढले जातात. हे १६ अँपियरच्या पॉवर सॉकेटवर चालतं, ६ अँपियरच्या टीव्ही-मोबाइलच्या सॉकेटवर नाही. ३.१५ मिमीचा रॉड १२० अँपियरवर नेला की हाच आकडा २०-२२ अँपियरवर जातो. म्हणजे १६ अँपियरचा सॉकेटही अपुरा. घरच्या वायरिंगवर शिकताना २.५ मिमीच्या रॉडवरच थांबा, असं मी म्हणते ते यासाठी.

इलेक्ट्रिशियनला बोलावून या चार गोष्टी करून घ्या:

- १६ अँपियरच्या सॉकेटला मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), तोही सी प्रकारचा. मशीन चालू होताना क्षणभर जास्त करंट ओढतं, बी प्रकारचा तेवढ्यावरही पडू शकतो.
- अर्थिंग खरंच आहे का, याची तपासणी. जुन्या चाळींत तिसरी पिन नुसती नावाला असते. आमच्याकडे तशीच होती.
- ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच.
- एक्स्टेन्शन लागणार असेल तर किमान २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, लांबी जमेल तेवढी कमी. गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापून वितळते.

वीजबिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तो बघा. एक किलोवॉटच्या मंजूर भारावर वेल्डिंग मशीन चालवू नका. तुमच्याकडे बेस्ट, अदानी, टाटा किंवा महावितरण, जी कंपनी असेल तिच्याकडे आधी भार वाढवून घ्या.

३. मशीन आणि रॉड

२०० अँपियर लिहिलेलं इन्व्हर्टर मशीन घ्या. ते २०० वर चालवायचं म्हणून नाही. ८० वर ते निवांत चालतं, तापून बंद पडत नाही, म्हणून. मशीनच्या पाटीवर ड्यूटी सायकल लिहिलेली असते. १६० अँपियरला ६० टक्के, याचा अर्थ दर १० मिनिटांत ६ मिनिटं वेल्डिंग आणि ४ मिनिटं विश्रांती. ज्या मशीनवर हा आकडाच नाही ते घेऊ नका. नुसत्या वेष्टनावर मोठा आकडा छापलेली हलकी मशीन बाजारात खूप आहेत. जुनं तांब्याचं वजनदार ट्रान्सफॉर्मर मशीन स्वस्तात मिळालं तरी सुरुवातीला नको. ते घरची वीज फार ओढतं.

रॉड एकच: ई६०१३, २.५ मिमी. सहज पेटतो, स्लॅग (वेल्डवर जमणारी काचेसारखी खपली) सहज निघतो, प्लस-मायनस दोन्हीकडे चालतो. दुकानदार ई७०१८ 'जास्त मजबूत' म्हणून देऊ करेल. तो रॉड दमट हवेत ओलावा धरतो, त्याला ३०० अंशांच्या वर भट्टीत भाजून वापरावं लागतं. आपल्याला ते शक्य नाही.

होल्डर (रॉड धरायची मूठ) प्लसला आणि अर्थिंगचा क्लॅम्प (कामाच्या लोखंडाला लावायचा चिमटा) मायनसला लावून सुरुवात करा. पातळ पत्रा जळून भोक पडायला लागलं की उलटं लावून बघा, उष्णता थोडी कमी लागते.

४. डोळे, कातडी, छाती

मी शिकायला लागून तीन आठवडे झाले होते. काका एक चौकट धरून उभे होते, मला दोन टाके, म्हणजे जोड जागेवर धरणारे वेल्डचे छोटे ठिपके, मारायचे होते. मास्क टेबलावर होता. दोनच तर टाके, म्हणून मी मान वळवून, डोळे मिटून मारले. दुसऱ्या टाक्याला डोळे किलकिले झाले. संध्याकाळी काही नव्हतं. जेवले, झोपले. रात्री दोनच्या सुमारास जाग आली ती पापण्यांखाली मूठभर वाळू ओतल्यासारखं झालं म्हणून. डोळे उघडले तर ट्यूबलाइट टोचत होती, मिटले तर वाळू फिरत होती. पाणी थांबेना. सासूबाई रात्रभर ओली पट्टी ठेवत बसल्या होत्या. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळाचा वरचा पापुद्रा अतिनील किरणांनी भाजलाय. दोन दिवसांत बरं वाटलं.

याला कारखान्यात 'आर्क लागणं' म्हणतात. त्रास लगेच होत नाही, सहा ते बारा तासांनी होतो, त्यामुळे काही झालं नाही असं वाटत राहतं. बटाट्याच्या चकत्या, दूध, मध, काहीही डोळ्यांत घालू नका. गार ओली पट्टी, अंधार आणि सकाळी डॉक्टर. घरातल्या मुलांना तर जवळ फिरकूही देऊ नका. बघणाऱ्यालाही आर्क लागतो, आणि पांढऱ्या भिंतीवरून परतलेल्या उजेडानेही लागू शकतो.

मास्कची काळी काच १० किंवा ११ नंबरची हवी. परवडत असेल तर आपोआप काळा होणारा हेल्मेट घ्या. नवशिक्याला त्याचा फार उपयोग होतो, कारण रॉड कुठे टेकवतोय ते पेटवण्याआधी दिसतं. गॉगल लावून वेल्डिंग होत नाही, कितीही काळा असला तरी.

कपडे जाड सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन, पॉलिएस्टर, लेगिंग्ज नकोत, ठिणगीने ते वितळून कातडीला चिकटतात. बायकांसाठी खास: ओढणी आणि पदर नको. वेणी टोपीत. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा. धातूच्या दागिन्यातून करंट गेला की तो क्षणात तापतो. चामड्याचे हातमोजे कोपराजवळ येतील एवढे लांब, आणि बंद चामडी बूट. पॅन्ट बुटाच्या वरून सोडायची, आत खोचायची नाही, नाहीतर ठिणगी थेट बुटात जाते.

धुराकडे पाठ करू नका आणि तोंडही करू नका. वारा बाजूने येईल असं बसा. डोकं धुराच्या वर वाकवायचं नाही. पंखा लावलात तर तो धूर ओढून नेईल असा लांब ठेवा.

५. सामानाची यादी

- इन्व्हर्टर मशीन, होल्डर आणि अर्थिंग क्लॅम्पसह
- ई६०१३ रॉड, २.५ मिमी, एक पाकीट
- मास्क, चामडी मोजे, जाड एप्रन, ग्राइंडिंगसाठी वेगळा पारदर्शक गॉगल, कानातले बोळे
- चिपिंग हॅमर (स्लॅग ठोकून काढायला) आणि वायर ब्रश
- ४ इंची ग्राइंडर, कटिंग व्हील आणि ग्राइंडिंग व्हील वेगवेगळे
- गुण्या (काटकोन तपासायला), मेजरिंग टेप, खडू, दोन सी-क्लॅम्प
- एबीसी पावडरचा अग्निशामक, शिवाय वाळूची बादली

नागदेवी स्ट्रीटवर हे बहुतेक सगळं मिळतं, मस्जिद स्टेशनवरून चालत जाता येतं. वायर, एमसीबी, सॉकेट लोहार चाळीत. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. मशीन दुकानातच लावून एक रॉड जाळून दाखवायला सांगा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

ग्राइंडरचं गार्ड काढून विकणारे आणि वापरणारे दोन्ही भेटतील. काढू नका. व्हीलवर मुदत छापलेली असते, ती बघा, आणि कटिंग व्हीलच्या बाजूने घासू नका, ते फुटतं.

६. कोणतं लोखंड घ्यायचं, कोणतं हातात धरायचं नाही

सरावाला एमएसची (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या लोखंडाची) पट्टी, ५ मिमी जाड, २५ मिमी रुंद. वजनावर मिळते, मीटरला साधारण एक किलो भरते. रे रोडच्या दारूखाना भागातल्या भंगारबाजारात किंवा जवळच्या भंगारवाल्याकडे तुकडे स्वस्त मिळतात. स्टीलच्या दुकानात 'कटपीस आहे का' असं विचारा.

पातळ चौकोनी पाइप मात्र सुरुवातीला नको. १.२ मिमीच्या पाइपला नवशिक्याच्या हातून भोकंच पडतात आणि मन खचतं.

जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला चंदेरी पाइप, वेल्डिंगला वापरू नका. जस्ताच्या पांढऱ्या धुराने काही तासांत हुडहुडी भरून ताप येतो, अंग मोडून येतं. नळाचे जुने पाइप भंगारात हेच असतात. बंद डबे, पिंप, जुनी पेट्रोलची टाकी, रिकामा सिलिंडर, यांना रॉड लावायचाच नाही. रिकामं दिसणारं पिंप आतल्या वाफेने फुटतं, आणि धुतलं म्हणून सुरक्षित होत नाही.

७. पहिले चार रविवार: नुसत्या रेघा

जोड मारायची घाई करू नका. एका सपाट पट्टीवर रेघा मारायच्या, बस.

पट्टी ब्रशने घासून चकचकीत करा. गंज आणि रंगावर आर्क टिकत नाही. अर्थिंगचा क्लॅम्प त्याच पट्टीला, स्वच्छ जागी लावा. नळाच्या पाइपला किंवा इमारतीच्या सळईला कधीच लावू नका, करंट नको त्या वाटेने फिरतो. मशीन ७५ वर.

रॉड काडेपेटीच्या काडीसारखा ओढून पेटवा आणि लगेच किंचित उचला. चिकटला तर मनगटाला झटका देऊन रॉड सोडवा. नाहीच सुटला तर होल्डरचा दांडा दाबून रॉड सोडून द्या. तो लाल होतो, हात लावू नका. पहिल्या दिवशी माझे अर्धे रॉड चिकटले. सगळ्यांचे चिकटतात. सारखेच चिकटत असतील तर करंट पाच-पाचने वाढवा, ९० पर्यंत.

आता जे सांगते आहे ते मला समजायला महिना लागला. काका मागे उभे राहून विचारायचे, "ताई, काय दिसतंय?" मी म्हणायचे, "उजेड." ते म्हणायचे, "मग अजून बघा." चौथ्या रविवारी मला उजेडाच्या खाली काहीतरी दिसलं. रॉडच्या टोकामागे वाटाण्याएवढं एक डबकं होतं, चकाकणारं, पाण्यासारखं हलणारं, आणि त्याच्या मागून स्लॅगची जाड साय सरकत येत होती. मी हात थांबवला की डबकं पसरायचं, हात पळवला की निमुळतं व्हायचं. मी ओरडले, "काका, पाणी दिसतंय!" ते म्हणाले, "झालं. आता त्या पाण्याला चालवा, रॉडला नाही."

वेल्डिंग म्हणजे एवढंच. ते डबकं एका रुंदीचं ठेवत पुढे नेणं. रॉडच्या टोकाचं अंतर रॉडच्या जाडीएवढं, म्हणजे अडीच मिमी. रॉड जळत छोटा होतो तसा हात खाली आणत राहायचं. नवशिके हे विसरतात आणि आर्क लांबतो. रॉड चालण्याच्या दिशेला १५-२० अंश कललेला असावा, म्हणजे आर्कचा जोर मागच्या डबक्याकडे राहतो. दुसऱ्या हाताने मनगटाला आधार द्या, कोपर टेबलावर टेका.

कानही वापरा. अंतर बरोबर असेल तर कढईत भजी तळताना येतो तसा सलग चुरचुर आवाज येतो. फोडणीतली मोहरी उडावी तसा तुटक तडतड आवाज आला तर आर्क लांब झालाय.

एक रॉड साधारण मिनिटभर चालतो. रविवारी दहा रॉड पुरे. त्यापुढे हात थरथरतो आणि मग नुसतं सामान वाया जातं. प्रत्येक रेघ थंड झाल्यावर स्लॅग झाडा, तेव्हा पारदर्शक गॉगल घाला. गरम स्लॅगचा कण काचेसारखा उडतो.

८. रेघ बघून चूक ओळखा

उंच, बारीक, पट्टीवर नुसती ठेवल्यासारखी रेघ: करंट कमी. रुंद, चपटी, कडेला खाचा पडलेली: करंट जास्त किंवा आर्क लांब. बारीक भोकं: पट्टी घाण किंवा रॉड ओला. मधेमधे स्लॅग अडकलेला: हात अडखळला किंवा फार सावकाश चालला.

दोन पट्ट्या काटकोनात जोडल्यावर खरी परीक्षा घ्या. एका बाजूनेच वेल्ड मारा, थंड होऊ द्या, व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) धरून हातोड्याने वाकवा. वेल्ड सोलून निघाला आणि खालची पट्टी गुळगुळीत राहिली, तर तो जोड चिकटलेला होता, वितळून एक झालेला नव्हता. असे आठ-दहा जोड मोडून बघितल्याशिवाय घरातल्या वस्तूला हात लावू नका.

९. पहिली वस्तू: कुंडीचा स्टँड

२५×२५×३ मिमीचा अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी), साधारण तीन मीटर. ३०० मिमीचे चार तुकडे वरच्या चौकटीला, ४५० मिमीचे चार पायांना, आणि कुंडी टेकायला दोन आडव्या पट्ट्या. सगळं मिळून चार किलोच्या आसपास लोखंड.

आधी चारही कोपऱ्यांवर फक्त टाके. मग गुण्या लावा आणि दोन्ही कर्ण मोजा. ३०० च्या चौकोनाचा कर्ण ४२४ मिमी यायला हवा, आणि मुख्य म्हणजे दोन्ही कर्ण सारखे हवेत. फरक असेल तर या वेळी हातोड्याने ठोकून सरळ होतं. पूर्ण वेल्ड झाल्यावर होत नाही. वेल्ड थंड होताना लोखंड ओढून घेतो, म्हणून एक कोपरा एकदम संपवू नका. समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने थोडे थोडे घ्या.

खिडकीचं ग्रिल, जिना, कठडा, झोपाळा, स्कूटरचा स्टँड, ज्यावर कोणाचा जीव टेकणार असं काहीही पहिल्या वर्षी करू नका.

काम संपल्यावर मशीन बंद करून निघून जाऊ नका. अर्धा ते एक तास तिथेच थांबा. एकदा आवराआवर झाल्यावर मला जळका वास आला, बघते तर वीस मिनिटांपूर्वी उडालेली ठिणगी दाराच्या पायपुसण्यात धुमसत होती. पाणी ओतण्याआधी मशीनचा प्लग काढा. आग हाताबाहेर वाटली तर १०१.

१०. जून ते सप्टेंबर

पावसाळ्यात उघड्यावर वेल्डिंग बंद. मशीन चालू असून आर्क नसतो तेव्हाही होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते जाणवत नाहीत, घामाने भिजलेल्या मोज्यातून आणि ओल्या फरशीवर मात्र जिवावर बेतू शकतं. आरसीसीबी इथे वाचवत नाही, तो मशीनच्या अलीकडच्या बाजूला असतो. मे महिन्यातल्या घामालाही हेच लागू. मोज्यांची दुसरी जोडी ठेवा आणि पायाखाली कोरडी रबरी मॅट.

रॉडचं उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ई६०१३ सर्दावला तर १०० ते १२० अंशांवर तासभर वाळवला की परत वापरता येतो, पण त्यासाठी स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नका. पाकिटं लहान घ्या, म्हणजे ही वेळच येत नाही.

आणि स्टँड झाला की स्लॅग पूर्ण झाडून, ब्रश मारून, रेड ऑक्साइडचा पहिला हात त्याच दिवशी द्या. समुद्राच्या खाऱ्या हवेत उघडा वेल्ड रात्रभर राहिला, तर सकाळी जोडावर तांबूस पापुद्रा दिसतो, आणि तो पुन्हा घासून काढल्याशिवाय रंग धरत नाही. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर, आणि पायांच्या तळाला विसरू नका. कुंडीचं पाणी तिथेच साचतं.